फक्त एक छोटासा सॅम्पल द्याल का?

कंपनी काढलीत, वेबसाइट झाली, तिच्यावर ब्लॉगचं पानही उघडलंत. आता त्यात भरायला मजकूर हवा. चिंता नको, मुंबईत फ्रीलान्स लेखक ढिगाने पडलेत. त्यांना कसं वापरायचं, ते तेवढं नीट समजून घ्या.

नेमकं काय हवंय ते सांगू नका. "काहीतरी हटके" एवढं पुरे.

दर शब्दामागे ठरवा, आणि तोही रुपयांत नाही, पैशांत. मराठी लेख असेल तर "मराठी आहे ना, मग कमीत होईल" असं आवर्जून म्हणा. वर, गूगलच्या शोधात आपलं पान आधी दिसावं म्हणून, 'बेस्ट वॉटरप्रूफिंग इन मुंबई' हे शब्द चौदा वेळा आलेच पाहिजेत अशी अट घाला. गूगलच्या स्पॅमच्या नियमांत नेमका हाच प्रकार बसतो, पण गूगलला काय कळतंय!

भेटायला बीकेसीतच, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ऑफिसातच बोलवा. कुर्ल्याला उतरून, शेअर रिक्षाच्या रांगेत घामाघूम होऊन तो पोचला, की रिसेप्शनवर पाऊण तास बसवा.

आणि सॅम्पल मागा. छोटासाच, बाराशे शब्दांचा. माझ्याकडे एप्रिलअखेर एका वॉटरप्रूफिंगवाल्यांनी असाच मागितला होता. विषय, गच्चीची गळती. मी मूर्खासारखा दोन रात्री बसलो. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या कारागिराला नाक्यावर कटिंग पाजून विचारून घेतलं. तो म्हणाला, सगळे स्लॅबकडे बघतात, पण पाणी शिरतं ते पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या सांध्यातून आणि पाइपाच्या भोवतीने. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलावा, नीट भरला नसेल, उतार चुकला असेल, तर वर कितीही सिमेंटचा कोबा करा, फुकट. काम झालं की गच्चीवर पाणी तुंबवून दोन दिवस थांबायचं आणि खालच्या मजल्याचं छत बघायचं. हे सगळं मी लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, "टोन आमच्या ब्रँडशी जुळत नाही", पुढे हात जोडलेला इमोजी. ठीक आहे, म्हटलं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या ग्रुपवर एक लेख टाकला, 'वाचण्यासारखं'. तोच! तोच वाटा, तोच कोबा, तोच कटिंग पिणारा कारागीर. माझ्या हातून एका वाक्यात 'ओलावा' दोनदा पडला होता, तोसुद्धा तसाच. वर नाव कुणाचं? 'टीम'. फोन केला तर पलीकडून गोड आवाजात, "सर, सॅम्पल तर तुम्हीच दिलेलं ना?"

दिलेलं म्हणजे? दाखवायला दिलेलं! १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे या देशात. लिहिणारा तुमचा नोकर नसेल तर लेखावर पहिला हक्क त्याचा, आणि तो तुम्हाला हवा असेल तर लेखी लागतो, त्याच्या सहीने. इमोजी म्हणजे सही नव्हे.

असो. टिपा चालल्या होत्या.

दुरुस्त्या सात वेळा करून घ्या, मग पहिलाच मसुदा छापा.

पेमेंट नव्वद दिवसांनी. लेखकाची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडची नोंद असेल तर २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने, लेखी करार करूनही, ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाही; त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण बहुतेकांनी नोंदणीच केलेली नसते, त्यामुळे तुम्ही निर्धास्त झोपा.

झोप लागते का हो पण? मी त्या कारागिराची माहिती घेतली, तर निदान त्याला चहा पाजला. तुम्ही माझ्याकडून अख्खा लेख घेतलात आणि मला रिसेप्शनवर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. काचेच्या इमारतीचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरता, आणि बाराशे शब्दांचे पैसे द्यायची वेळ आली की टोन जुळत नाही! द्यायचे नसतील तर तसं तोंडावर सांगा आणि बसा स्वतः लिहीत. चोरी करता आणि वर सर म्हणता, लाज वाटली पाहिजे.

लेख अजून तिथेच आहे, दोन्ही 'ओलाव्यां'सकट. मी बिल पाठवलंय. काल तुमच्या अकाउंट्समधून उत्तर आलं, पीओ नंबर, म्हणजे तुमच्या खरेदी-ऑर्डरचा क्रमांक, नसल्यामुळे ते घेता येत नाही.