डावा हात बेपत्ता

आमच्या गाडीत तबला वाजायचा, पण फक्त उजव्या हाताचा. 'ना' स्वच्छ, 'तिन' स्वच्छ. 'धा' आला की त्यातला 'गे' दाराच्या पॅनेलमागेच कुठेतरी गडप व्हायचा. कंपनीने बसवलेल्या स्पीकरांना डग्गा ठाऊकच नव्हता, डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला घिस्सा तर दूरची गोष्ट. मित्राला सांगितलं, तर तो म्हणाला, "सब टाक, म्हणजे सबवूफर, नुसते खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. अर्ध्या तासाचं काम आहे." अर्ध्या तासाचं काम सांगणारा माणूस स्वतः कधी हजर राहत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

त्याचं शास्त्र खरं होतं. 40 हर्ट्झच्या, म्हणजे अगदी खोल आवाजाची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा मोठी. एवढी हवा ढकलायला बशीएवढा स्पीकर पुरत नाही, पराती एवढा लागतो. शिवाय दारं-काचा बंद असल्या की त्या लहानशा जागेत खालच्या सुरांना आयता जोर मिळतो. मी 12 इंची सबवूफर आणला. खोक्यावर हातभर अक्षरांत 1000 वॅट लिहिलं होतं आणि तळाशी, मुंगीला वाचता येईल अशा टाइपात, आरएमएस 250. पहिला आकडा क्षणभराचा आणि दुसरा खरा, हे खोकं फाडल्यावर कळलं.

सबचा डबा डिकीत ठेवला आणि डिकी संपली. अचानक ब्रेक लागला तर तो उडून आमच्या मानेवर येऊ नये म्हणून चार लांब स्क्रूंनी जमिनीला पक्का केला. स्वतःच्या दूरदृष्टीचं इतकं कौतुक वाटलं की फोटोही काढला.

मग वायरिंग. सबला ताकद देतो तो अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर; पण कंपनीच्या स्टीरिओला त्याच्यासाठी वेगळं आउटपुट नव्हतंच. म्हणून मागच्या स्पीकरांच्या तारा सोलून स्पीकरचा सिग्नल अ‍ॅम्पला झेपेल असा करणाऱ्या एका कन्व्हर्टरला जोडायच्या आणि तिथून अ‍ॅम्पकडे न्यायचं. हे जमलं. मात्र अ‍ॅम्पला जेवण थेट बॅटरीतून लागतं. त्यासाठी बोटाएवढी जाड तार बोनेटखालून आत आणायची, आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज घालायचा. वाटेत तार कुठे पत्र्याला घासली, तर जळायचा तो फ्यूज, गाडी नव्हे.

इंजिन आणि आपले पाय यांच्या मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं. तार त्यातूनच जाते असं सगळे सांगतात. कुठे असतं, ते कोणी सांगत नाही. मी ड्रायव्हरच्या सीटवर उलटा झोपलो. डोकं क्लचपाशी, पाय हेडरेस्टवर, तोंडात टॉर्च, हातात सरळ केलेलं कपड्यांचं हँगर. शेजारचे काका खिडकीत वाकून म्हणाले, "काय हो, काही हरवलंय का?" तोंडात टॉर्च असल्यामुळे मी पायानेच नाही म्हटलं. दीड तासाने हँगर पलीकडे निघालं. सोबत माझ्या कोपराचं थोडं कातडंही गेलं.

या विजयाच्या धुंदीत अर्थिंगचा, म्हणजे अ‍ॅम्पची दुसरी तार गाडीच्या पत्र्याला जोडण्याचा, कंटाळा केला. दिसला तो बोल्ट सैल केला, तार अडकवली, आवळला. गाडी सुरू केली आणि डग्गा वाजला! मी डोळे मिटले. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाण्याच्या मागून कोणीतरी 'ईईई' करत वर चढू लागलं. वेग वाढला की सा वरून प वर, गिअर बदलला की पुन्हा सा वर. अल्टरनेटर गात होता. अर्थिंग कच्चं असलं की त्याला असा गळा फुटतो. बोल्टखाली रंग होता, आणि रंगातून वीज जात नाही.

उपाय एकच, रंग खरवडून खालचा कोरा पत्रा उघडा करायचा. याच गाडीवर मागच्या महिन्यात बोटभर ओरखडा पडला, तेव्हा मी दोन दिवस घरात कोणाशी बोललो नव्हतो. आता मीच पॉलिशपेपर घेऊन खसाखसा घासत होतो. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, माझ्या हातून झालं असतं तर?" मी घासण्याचा आवाज वाढवला.

अल्टरनेटर गप्प झाला, तर वेगळंच निघालं. हळू आवाजात डग्गा घुमायचा आणि व्हॉल्यूम वाढवला की मरगळायचा. आपले चिमुकले स्पीकर फाटू नयेत म्हणून कंपनीचा स्टीरिओ आवाज चढताना गुपचूप बेस कापत होता. मी एवढं मोठं धूड आणून ठेवलंय, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? शेवटी कापलेला बेस परत भरणारा कन्व्हर्टर आणला. पहिला कपाटात आहे.

आता डग्गा इतका आला की गाडीचा प्रत्येक सुटा भाग साथीला बसला. नंबरप्लेट, मागचा ट्रे, दाराच्या कप्प्यातलं विसरलेलं नाणं. बायकोला मागे बसवून मी एकेक सूर वाजवत गेलो. "आता ट्रे. आता नंबरप्लेट. आता... अहो, हे माझे दात आहेत." फोमच्या पट्ट्या संपल्या तेव्हा कुठे शांतता झाली.

पंधरा दिवस सुखात गेले. मग आडरस्त्यात टायर बसला. स्टेपनी डिकीच्या तळाशी, त्यावर डबा, डब्याला चार स्क्रू. स्क्रूड्रायव्हर टूलकिटमध्ये आणि टूलकिट स्टेपनीशेजारी.

मी नखांनी स्क्रू फिरवून पाहत होतो. बायको चारी दारं उघडून वाऱ्याला बसली होती. म्हणाली, "निदान गाणं तरी लावा." लावलं. उघड्या दारांतून डग्गा शेतात निघून गेला आणि नुसता उजवा हात ऐकू येत राहिला.