म्हणे, नुसतं फॉरमॅट मारायचंय!

“काही नाही गं, नुसतं फॉरमॅट मारायचंय, अर्ध्या तासाचं काम.” हे वाक्य ज्याने पहिल्यांदा तोंडातून काढलं त्याला कुणीतरी धरून माझ्यासमोर आणून बसवा. शनिवारी सकाळी दहाला मामांच्या लॅपटॉपसमोर बसलेय. आता रविवारची संध्याकाळ आहे. मामी चौथ्यांदा चहा ठेवून गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, “एवढा वेळ लागतो होय? त्या पोरानं तर तासाभरात दिला होता करून.”

हो. त्या पोरानं तासाभरात दिला होता. तिथेच तर घोळ आहे!

दोन महिन्यांपूर्वी मामांनी हाच लॅपटॉप चौकातल्या एका दुकानात नेला. पाचशे रुपये घेतले, फॉरमॅट मारला म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं, वर ‘सगळे सॉफ्टवेअर टाकून दिलेत काका’. आणि आज? ब्राउझर उघडला की रमीच्या जाहिराती, कोपऱ्यात ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ म्हणून लाल चौकट, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतोय. पेन ड्राइव्ह लावला की आतले सगळे फोल्डर शॉर्टकट होतात. ‘चिन्मय मुंज फोटो’ नावाचा फोल्डर आणि साइज एक केबी! खरे फोटो जातात कुठे तर लपवलेल्या फोल्डरमध्ये, आणि वर दिसणाऱ्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की व्हायरस पुन्हा चालू.

त्या महाभागाने काय केलं होतं सांगते. फक्त सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, पुसला. डी ड्राइव्हला हातसुद्धा लावला नाही, कारण ‘काकांचा डेटा आहे’. त्या डी ड्राइव्हवर ‘SETUP’ नावाचा फोल्डर, त्यात जगभरची क्रॅक, म्हणजे कुलूप फोडलेली चोरीची, सॉफ्टवेअरं, आणि घाण सगळी तिथेच. म्हणजे घर झाडून पुसून लख्ख केलं आणि ढेकणांची गादी तेवढी जागच्या जागी ठेवली.

पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती पुढच्या गोष्टीने. हा लॅपटॉप घेताना विंडोजचे पैसे किमतीतच भरलेले आहेत. अशा लॅपटॉपची लायसन्स की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. डिस्क पुसा, बदला, फेकून द्या, तीच आवृत्ती परत टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. एक पैसा लागत नाही. आणि या बाबाने लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज होम सिंगल लँग्वेज काढून त्यावर चोरीची विंडोज प्रो टाकली! का? तर ‘प्रो भारी असतं काका’. मग ती चालावी म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर, अ‍ॅक्टिव्हेटरला अडवू नये म्हणून अँटिव्हायरस बंद, आणि त्याच्या ‘हे तपासू नको’ अशा अपवादांच्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह. विकतची वस्तू काढून चोरीची बसवायला मामांनी पाचशे रुपये मोजले. आपल्याच घराचं कुलूप काढून नेणाऱ्याला मजुरी!

बरं, मी करायला बसले तर काय सरळ होतं का? नाही. आधी डेटा काढायचा. फोटो, पीडीएफ, एक्सेल घेतले. मामा मागे उभे: “ते सेटअप पण घे गं, लागतात.” नाही घेणार, मामा! एक्सई फाइल, म्हणजे प्रोग्राम चालू करणारी, एकही घेणार नाही! मग स्वच्छ मशीनवर बूटेबल, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो असा, पेन ड्राइव्ह बनवायचा, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर, माझ्या मोबाइलच्या डेटावर, पाचेक जीबीचं डाउनलोड. पेन ड्राइव्ह आठ जीबीचा तरी लागतो. घरात तीन निघाले, दोन चार जीबीचे आणि एक मेलेला. मग बूट मेनूची कळ. कुठे एफ नाइन, कुठे एफ ट्वेल्व्ह, कुठे एस्केप, आणि लोगो दिसतो तेवढ्या दोन सेकंदांत ती दाबायची. सगळ्या कंपन्यांना मिळून एक कळ ठरवता येत नाही?

पोचले एकदाची आत, तर डिस्कची यादी कोरी. एकही ड्राइव्ह दिसेना! इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांची ही खोड: स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर टाकून ‘लोड ड्रायव्हर’मधून दाखवल्याशिवाय सेटअपला डिस्कच सापडत नाही. हे आधी कुणी सांगतं का? तो शोधला, टाकला, सगळी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, एकेक करून उडवली आणि ‘अनअलोकेटेड’, म्हणजे नुसती कोरी जागा, एवढंच उरल्यावर जरा बरं वाटलं. पुढे विंडोज अकरा म्हणतं, नेटला जोड. वायफायची यादी रिकामी, कारण वायफायचा ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर कुठून घ्यायचा? नेटवरून! शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून नेट दिलं. मामांचं पालुपद चालूच: “दहाच टाक ना, हलकं असतं.” अहो, विंडोज दहाला कंपनीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. आत्ताच एवढं निस्तरलंय, त्यावर ते घालू?

आणि ‘फॉरमॅट मारला की व्हायरस गेला’ म्हणणाऱ्यांनो, व्हायरस जाईल. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एकदा बाहेर गेले असतील तर ते फॉरमॅटने परत येतात का? मामांनी नेट बँकिंगचा पासवर्डही ‘सेव्ह’ केलेला. म्हणून लॅपटॉपवर नाही, माझ्या फोनवरून आधी मेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. यात रात्रीचे बारा. मामांना नवीन पासवर्ड विचारला तर म्हणाले, तोच ठेव, जुना, माझ्या लक्षात राहतो. मी काही बोलले नाही. माझा मामा आहे.

आज दुपारी चारला सगळं झालं. अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप, ओरिजिनल, अँटिव्हायरस चालू, अपडेट पूर्ण. मामांनी चष्मा लावून सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त उघडलं. पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांगोळी. दहा वर्षांची इतिवृत्तं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, तो मशीनवर नसेल तर मराठी दिसतच नाही. कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारं युनिकोड वापरा म्हणून मी किती वर्षं ओरडतेय. आणि तो फॉन्ट होता त्या SETUP फोल्डरमध्ये, जो मी काल स्वतःच्या हाताने, मोठ्या समाधानाने उडवला.

मामा अजिबात चिडले नाहीत. उलट मलाच धीर दिला. “असू दे गं. झेरॉक्सवाल्याकडे आहे तो फॉन्ट,” म्हणाले, आणि टेबलावरचा माझा पेन ड्राइव्ह खिशात घालून चपला शोधायला लागले.