ग्रासली आजोबांना फक्त व्हिसापुरतं ओळखू नका

सप्टेंबर २०२५ मध्ये टीसीएस, कॉग्निझंट, अ‍ॅमेझॉन, गूगल अशा दहा कंपन्यांना अमेरिकेच्या दोन सिनेटरांचं पत्र गेलं, त्यातला एक आयोवाचा रिपब्लिकन चक ग्रासली. एकीकडे माणसं काढताय आणि दुसरीकडे एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नवी आणताय, हे कसं, असा त्यातला प्रश्न. तेव्हापासून इथल्या मराठी ग्रुपवर या ग्रासलीचा जो उद्धार चाललाय, तो वाचून शेवटी लिहायला बसले. आम्ही आयोवात राहतो. घरात अजून तोच व्हिसा आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत, मतदानाचा हक्क नाही. म्हणजे ग्रासलीचं भलं चिंतायला मला काहीही कारण नाही. तरीसुद्धा ‘म्हातारा भारतीयांच्या मुळावर उठलाय’ एवढ्यावर हा विषय संपत नाही.

ग्रासलीचा जन्म सप्टेंबर १९३३ चा, न्यू हार्टफर्ड नावाच्या खेड्याजवळच्या शेतावरचा. १९५९ मध्ये आयोवाच्या विधानसभेत गेला. त्या काळात पोट भरायला शेती आणि कारखान्यातली नोकरी दोन्ही केली. १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात पोचला आणि रेगनच्या लाटेत, जानेवारी १९८१ पासून, सिनेटमध्ये जो बसला तो अजून तिथेच आहे. रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासात इतकी वर्षं सिनेटमध्ये दुसरं कुणी बसलेलं नाही. नातू पॅट हा आयोवाच्या विधानसभेचा अध्यक्ष आहे. (घराणेशाही फक्त बारामतीतच असते असं समजणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.)

आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त डुकरं. लोकसंख्या बत्तीस लाखांच्या आतबाहेर, काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग, ९९. या ९९ च्या ९९ काउंट्यांत ग्रासली १९८१ पासून दरवर्षी जातो. निवडणूक असो नसो. कुठे शाळेच्या हॉलमध्ये, कुठे कारखान्याच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडतात आणि लोक विचारतील त्याला उत्तरं देतो. इथल्या राजकारणात ‘फुल ग्रासली’ म्हणजे सगळ्या ९९ काउंट्या फिरणं, असा शब्दप्रयोगच रूढ झालाय. बाहेरचे उमेदवारही मतं मागायला आले की फुल ग्रासली करायच्या गप्पा मारतात. सिनेटमध्येही तोच खाक्या. जुलै १९९३ ते नोव्हेंबर २०२० या सत्तावीस वर्षांत त्याने एकही मतदान चुकवलं नाही. १९९३ चं चुकलं ते आयोवात महापूर आला म्हणून आणि २०२० चं कोरोनामुळे.

या फिरण्यातून काय निघतं याचा सगळ्यात चांगला नमुना म्हणजे दिवाळखोरी कायद्यातलं ‘चॅप्टर १२’. आपल्याकडच्या शेतीवर बोलणाऱ्यांनी हे प्रकरण वाचायलाच हवं. सत्तरच्या दशकात इथल्या शेतकऱ्यांनी चढ्या भावाच्या जमिनी तारण ठेवून कर्जं काढली. मग व्याजदर आभाळाला भिडले, मालाचे भाव पडले आणि १९८१ नंतरच्या पाच-सहा वर्षांत आयोवातल्या जमिनीची किंमत साठ टक्क्यांहून जास्त घसरली. कर्जाचा आकडा मात्र तिथल्या तिथे. शेतं लिलावात निघाली, आत्महत्या झाल्या. यवतमाळ-बुलढाण्याच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. दिवाळखोरीची जी जुनी कलमं होती त्यातलं एक शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं आणि दुसऱ्यात त्याचं कर्ज बसत नव्हतं. १९८६ मध्ये ग्रासलीने शेतकरी कुटुंबांसाठी वेगळं कलम आणलं. शेतकऱ्याने जमीन कसत राहायची, कोर्टापुढे तीन ते पाच वर्षांच्या फेडीचा आराखडा मांडायचा आणि तारण जमिनीवरचं कर्ज तिच्या आजच्या किमतीपर्यंत खाली आणता यायचं. फरक बँकेने सोसायचा. बँकांना हे गोड लागणं शक्यच नव्हतं. कलम आधी तात्पुरतं होतं, ते २००५ मध्ये कायम झालं.

कॉन्झर्वेटिव्ह, बाजारवादी पक्षाचा माणूस बँकेच्या गळ्यात नुकसान बांधतो, हे पक्षाच्या पुस्तकात कुठे बसतं? बसत नाही. आपल्याकडे २००८, २०१७, २०१९ अशी माफीमागून माफी झाली. कंपन्यांसाठी २०१६ मध्ये दिवाळखोरीची संहिताही आली. शेतकऱ्याने मान खाली न घालता कोर्टात जाऊन कर्जाची फेरमांडणी मागावी अशी चालती व्यवस्था मात्र आजही नाही.

दुसरं काम त्याच वर्षीचं. सरकारला फसवणाऱ्या कंत्राटदारांविरुद्ध लिंकनच्या काळातला, १८६३ चा कायदा धूळ खात पडला होता. ग्रासलीने प्रतिनिधीगृहातल्या हॉवर्ड बर्मन या डेमोक्रॅटबरोबर त्यात जीव ओतला. आतली भानगड उघड करणाऱ्या जागल्याला वसुलीत पंधरा ते तीस टक्के वाटा मिळायला लागला. तेव्हापासून या कायद्याने ७५ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वसूल झालीय. रॅनबॅक्सीचं प्रकरण आठवतंय? कंपनीने २०१३ मध्ये ५० कोटी डॉलर भरून ते मिटवलं आणि औषधांच्या चाचण्यांमधली बनवाबनवी बाहेर काढणाऱ्या दिनेश ठाकूर यांना जवळपास ४.८६ कोटी डॉलर मिळाले, ते याच कायद्याने. भारतीय माणसाच्या ‘मुळावर उठलेल्या’ म्हाताऱ्याचा हाही एक हिशेब.

याची सुरुवात पेंटॅगॉनपासून झाली होती. रेगनच्या पहिल्या कारकिर्दीत संरक्षण खात्यावर पैशाचा पाऊस पडत होता. चक स्पिनी नावाचा तिथलाच एक विश्लेषक सांगत होता की हे हिशेब जुळत नाहीत. खातं त्याला ग्रासलीला भेटू देईना, तेव्हा हा नवखा सिनेटर आपल्या खटारा शेव्हेट गाडीतून थेट पेंटॅगॉनच्या दारात जाऊन उभा राहिला. १९८४ मध्ये खर्च गोठवायचा प्रस्ताव मांडणाऱ्यांत तो होता आणि सोबत जो बायडन होते. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या विरोधात मत देणारे सिनेटमध्ये रिपब्लिकन दोनच, त्यातला एक ग्रासली.

आता व्हिसा. २००७ मध्ये ग्रासली आणि डेमोक्रॅट डिक डर्बिन यांनी इन्फोसिस, विप्रो, टीसीएससह नऊ कंपन्यांना असंच पत्र लिहिलं होतं. त्यांच्या विधेयकात पगाराची पातळी वर नेणं आहे, ‘फक्त एच-वन-बीवाल्यांनी अर्ज करावा’ अशा जाहिरातींना बंदी आहे आणि पन्नासहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत निम्म्यापेक्षा जास्त लोक या व्हिसांवर असू नयेत अशी अट आहे. २००९ मध्ये सरकारी मदतनिधी घेणाऱ्या बँकांवर याच बाबतीत निर्बंध आणताना ग्रासलीच्या सोबत डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स होते. हा सगळा गोऱ्यांचा कट असता तर सँडर्स तिथे काय करत होते? ऑनसाइटच्या नावाखाली कमी पगारात राबवून घेतलेली मुलं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. ती निम्म्याची अट मला आडमुठी वाटते. पगाराचं कलम मात्र आपल्याच मुलांच्या फायद्याचं आहे आणि ते मोठ्याने म्हणायला आपला ग्रुप घाबरतो.

इतकं चांगलं लिहिल्यावर दुसरी बाजू लिहायलाच हवी, आणि ती लहान नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये विंटरसेटच्या सभेत गर्दी ओबामांच्या आरोग्य विधेयकावर भडकलेली होती. ग्रासली तेव्हा त्याच विधेयकावर डेमोक्रॅट्सशी बोलणी करणाऱ्या सहा जणांपैकी एक. आणि तिथे तो म्हणाला की आजीबाईच्या जीवरक्षक यंत्राचा प्लग काढायचा की नाही हे सरकारी योजनेने ठरवता कामा नये. विधेयकात असलं काही नव्हतं. ज्या सभांनी चॅप्टर १२ दिलं त्याच प्रकारच्या सभेने हेही दिलं. लोकांचं ऐकणं आणि लोकांच्या भीतीला पाणी घालणं यातली रेघ त्या दिवशी त्याने पुसली.

मग २०१६. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया फेब्रुवारीत वारले, त्या जागेसाठी ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. अशा नावांची सुनावणी घेणाऱ्या सिनेटच्या न्यायविषयक समितीचा अध्यक्ष ग्रासली. निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून सुनावणीच घेतली नाही. पुढे म्हणाला होता की २०२० मध्ये जागा रिकामी झाली तर मी अध्यक्ष असल्यास तेव्हाही घेणार नाही. २०२० मध्ये जागा झाली, समितीचा अध्यक्ष दुसरा होता, आणि निवडणूक आठ दिवसांवर असताना एमी बॅरेट यांच्या बाजूने ग्रासलीने मत दिलं. सत्तावीस वर्षं हजेरी न चुकवणाऱ्याने गार्लंड यांच्यावर मत घ्यायची वेळच येऊ दिली नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र अलीकडचं आहे. सरकारी खात्यांवर नजर ठेवणारे इन्स्पेक्टर जनरल हा ग्रासलीचा जिव्हाळ्याचा विषय. २०२० मध्ये ट्रम्प यांनी असे अधिकारी काढले तेव्हा कारण सांगा म्हणत त्याने ट्रम्प यांच्या नेमणुका अडवून धरल्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी एका रात्रीत डझनभराहून जास्त जणांना घरी पाठवलं, कायद्याने लागणारी तीस दिवसांची सूचना न देता. या वेळी काम पत्रावर भागलं. आणि त्याच ऑगस्टमध्ये अर्थखात्याच्या नेमणुका त्याने अडवल्या, कशासाठी? पवनचक्क्यांच्या करसवलतीसाठी. ती सवलत १९९२ मध्ये त्यानेच आणली होती आणि आज आयोवाची साठ टक्क्यांच्या आसपास वीज वाऱ्यावर बनते. म्हणजे अडवायचं कसं हे तो विसरलेला नाही. पवनचक्की प्रत्येक काउंटीच्या सभेत कुणाच्या तरी शेतात उभी असते, भाडं देत असते. काढून टाकलेल्या इन्स्पेक्टर जनरलबद्दल आयोवाच्या शाळेच्या हॉलमध्ये ओरडणारा शेतकरी नसतो.

२०२२ मध्ये ५६ टक्के मतं मिळाली, १९८० नंतरची त्याची सगळ्यात चुरशीची लढत. मुदत संपेल जानेवारी २०२९ मध्ये, तेव्हा वय पंच्याण्णव असेल. इथल्या शेजाऱ्यांना विचारलं तर बरेच जण म्हणतात की आता पुरे, आणि लगेच पुढे म्हणतात की पण आमच्या गावात येतो बुवा. व्हिसाच्या विधेयकावर कमेंटमध्ये भांडायचं असेल तर खुशाल भांडा, फक्त आधी ते वाचून या.