‘बॅटरीची वायर काढा, दिवा जातो’ : या सल्ल्याचा प्रतिवाद

गाड्यांची हौस असलेल्या पुणेकरांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा सारांश असा : कंपनीची एअर फिल्टरची पेटी काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) आणि रुंद पाइप बसवल्यावर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, तर काळजी करू नये. इंजिनात जास्त हवा जाऊ लागल्याने ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) गोंधळतो, म्हणून बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल अर्धा तास काढून ठेवावे, म्हणजे तो नवी हवा ‘शिकतो’. दिवा पुन्हा लागलाच तर तो घाटातील उंचीमुळे असतो, आणि पीयूसी मिळाली की गाडी ठणठणीत समजावी. यातील एकही विधान तपासणीत टिकत नाही, आणि त्यावर विसंबून गाडी चालवत राहिल्यास इंजिनाचे आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नुकसान होऊ शकते.

मुळात ईसीयू गोंधळतो, हेच खरे नाही. थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) उघडेल तशी हवा क्षणाक्षणाला कमी-जास्त होतच असते आणि त्यानुसार पेट्रोल सोडणे हेच त्याचे काम आहे. अडचण येते ती मोजमापात. ज्या गाड्यांत एमएएफ (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सर असतो, त्यांत हवेच्या वाटेवर एक अतिशय बारीक तापलेली तार किंवा पातळ पट्टी असते. वाहती हवा तिला जितकी गार करते, त्यावरून आत गेलेल्या हवेचे वस्तुमान काढले जाते. हे गणित कंपनीच्या नळीचा व्यास गृहीत धरून बसवलेले असते. नळी रुंद केली की तेवढीच हवा तारेवरून संथ जाते, तार कमी गार होते, सेन्सर हवा कमी असल्याचे कळवतो आणि पेट्रोलही कमी सुटते. पेट्रोल इंजिनात एक किलो इंधनामागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण बिघडल्याचे एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सरला कळते आणि ईसीयू पेट्रोल वाढवू लागतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ती १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. अनेक गाड्यांत ती २५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की पी०१७१ हा (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा) कोड नोंदला जातो. म्हणजे ईसीयूने शिकायचे तेवढे शिकून झाल्यावर, आता याहून अधिक सावरता येत नाही हे सांगण्यासाठीच दिवा लावलेला असतो.

‘जास्त हवा’ तरी खरोखर जाते का, हेही पाहायला हवे. उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली इंजिनाची गरम हवा ओढतो आणि हवेचे तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढले की तिची घनता साधारण १ टक्क्याने घटते. मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली हा व्यवहार तोट्याचाच होतो.

अनेक लहान पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो. मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे केवळ पाइपच्या व्यासाने दिवा लागण्याचे सहसा कारण नसते. म्हणून अशा गाडीत दिवा लागला की बसवताना काय निसटले ते आधी शोधावे. हवेचे तापमान मोजणाऱ्या आयएटी सेन्सरचा प्लग जोडायचा राहिला असेल तर पी०११३ हा कोड येतो. थ्रॉटलनंतरची एखादी व्हॅक्यूम नळी ओढाताणीत चिरली असेल तर आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते तो वेग) चढते. एमएएफ असलेल्या गाडीत सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला क्लॅम्प सैल असणे किंवा ब्रीदर नळी (इंजिनातील वाफ हवेच्या वाटेत परत सोडणारी) उघडी राहणे हा सर्वांत नेहमीचा दोष आहे, कारण तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. सेन्सरवरील बाणाची दिशा उलटी असणे आणि हवा सरळ करणारी जाळी नव्या पाइपमध्ये नसणे, हे दोषही बघितल्याशिवाय कळत नाहीत. धुऊन वापरायच्या कापडी फिल्टरला तेल जास्त लावले असेल तर सेन्सर बाहेर काढून उजेडात धरावा : तारेवर धूळ धरलेला तेलकट तपकिरी थर दिसतो. तो फक्त एमएएफ क्लीनरच्या फवाऱ्याने काढावा, कापूस किंवा बोट लावू नये आणि सेन्सर पूर्ण वाळल्यावरच बसवावा.

टर्मिनल काढल्यावर दिवा जातो, हे डोळ्यांनी दिसते, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे. प्रत्यक्षात त्या वेळी बहुतेक गाड्यांत कोड, दोष घडला त्या क्षणीच्या नोंदी आणि साठवलेली फ्युएल ट्रिम पुसली जाते. बहुतेक दोषांसाठी दिवा तेव्हाच लागतो, जेव्हा तोच दोष सलग दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद करेपर्यंतच्या फेऱ्यांत) आढळतो. त्यामुळे रीसेटनंतरचे एक-दोन दिवस दिवा बंद राहतो आणि मालकाला उपाय लागू पडल्याचा भास होतो. मेकॅनिकच्या हाती मात्र काहीच पुरावा उरत नाही. त्याऐवजी स्कॅनर लावून आधी कोड लिहून घ्यावा, मग आयडलिंगला आणि नंतर चालत्या गाडीत ट्रिम पाहावी. आयडलिंगला ती खूप वर असून रेस वाढवल्यावर खाली येत असेल, तर बहुधा व्हॅक्यूमची गळती असते. वेग आणि लोड वाढेल तशी ती वाढत असेल, तर एमएएफचे मोजमाप किंवा पेट्रोलचा दाब तपासावा.

घाटाचा मुद्दा कार्बोरेटरच्या काळातून आलेला दिसतो. तेव्हा उंचीवर मिश्रणात पेट्रोल जास्त होत असे. आजचा ईसीयू हवेचा दाब किंवा वस्तुमान मोजतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, आणि एवढी उंची त्याच्या हिशेबात सहज बसते. कात्रजच्या चढावर दिवा लागतो, तो तिथे लोड वाढून हवेचा प्रवाह मोठा होतो आणि मोजमापातील चूक उघडी पडते म्हणून. अनेक गाड्यांत पूर्ण थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बाजूला ठेवली जाते आणि चुकीने कमी मोजलेल्या हवेवरच पेट्रोल ठरते. नेमके तेव्हाच इंजिन तापण्याचा व नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोका सर्वाधिक असतो.

पीयूसीत पेट्रोल गाडी जागेवर उभी ठेवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासले जातात. पेट्रोल कमी पडत असेल तर कार्बन मोनॉक्साइड उलट घटतो, म्हणून असे इंजिन ती चाचणी आरामात पार करू शकते. तिचा या दोषाशी संबंध जोडणे चुकीचे आहे.

दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर होत आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्यावी आणि ती ओढून गॅरेजला न्यावी. दिवा स्थिर असेल आणि गळती सापडत नसेल, तर कंपनीची मूळ पेटी परत बसवून, नोंदलेला कोड पुसून, त्याच रस्त्यावर तशीच गाडी चालवून पाहावी. ट्रिम खाली आली तर दोष नव्या पाइपचा आहे, आणि त्यासाठी ईसीयूचे एमएएफ कॅलिब्रेशन (मोजमापाचे गणित) बदलणे किंवा मूळ व्यासाचा सेन्सर-भाग वापरणे हेच दोन मार्ग उरतात. ट्रिम तशीच राहिली, तर फिल्टरला सोडून इंजेक्टर, पेट्रोल पंप आणि ऑक्सिजन सेन्सरकडे वळावे.