दलाल संपला म्हणे!

आंब्याला मोहर दिसायला लागला की कोकणातल्या प्रत्येक ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो. बागायतदारांचा ग्रुप, होमस्टेवाल्यांचा ग्रुप, मुंबईकर चाकरमान्यांचा ग्रुप, कुठलाच सुटत नाही. म्हणणं थोडक्यात असं: कोकणी माणूस मागे राहिला कारण तो ऑनलाइन नाही. सोशल मीडिया फुकट आहे, पोस्ट टाका, गिऱ्हाईक आपोआप येतं. दलाल संपला, आता माल बागेतून थेट पुण्याच्या घरात. दिवसाला ५०० रुपयांची जाहिरात करा, पाचपट धंदा होईल आणि रुपयान् रुपयाचा हिशोब स्क्रीनवर दिसेल. कंपनी तुमची भागीदारच आहे, तुम्ही कमावलंत तर ती कमावणार. आणि शेवटी धमकी, जो ऑनलाइन नाही तो संपला. (खाली कोर्सची लिंक पण असते, ती सोडून देऊ, पोट सगळ्यांनाच आहे.)

मी देवगड तालुक्यातला. घरची कलमं आहेत, कुणकेश्वरच्या वाटेवर दोन खोल्या पर्यटकांना देतो आणि भाऊबंदांच्या जाहिराती पण मीच चालवतो, कारण घरात कॉम्प्युटर जमणारा मी एकटा. त्यामुळे हे काही इंटरनेटच्या नावाने बोटं मोडणं नाही. पण ह्या मेसेजमधली एकेक थाप सुटी करून बघायलाच हवी, लोक त्यावर कर्जं काढायला लागलेत.

फुकट हा पहिला मुद्दा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ज्या मेटाचं आहे तिचा २०२४ चा महसूल होता १६४ अब्ज डॉलरच्या वर, आणि त्यातले १६० अब्ज निव्वळ जाहिरातीचे. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव रुपये जाहिरातीतून. आता जिचं सगळं पोटपाणी जाहिरातीवर ती कंपनी तुमची पोस्ट फुकटात लोकांपर्यंत कशाला पोचवेल? एकेकाळी पोचवायची, नाही असं नाही, पेज लाइक केलेल्या लोकांना बऱ्यापैकी दिसायचं, मग हळूहळू हात आखडता घेतला आणि जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्गने उघडच सांगितलं की फीडमध्ये आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट जास्त दिसतील, धंदेवाल्यांच्या पेजचं कमी दिसेल. ज्यांनी आधी पैसे टाकून लाइक गोळा केले होते त्यांना त्याच लोकांना परत दिसायला परत पैसे टाकावे लागले. रील चालतं कधीकधी, मान्य, आंबा काढतानाचं एखादं रील उचललं जातं, पण ते बघणारा असतो इंदूरला नाहीतर गुवाहाटीला, त्याला पेटी पाठवायची म्हणजे रस्त्यातच तिच्यातून रस गळणार. व्ह्यू लाखांत आणि ऑर्डर शेजारच्या वाडीतल्या माणसाच्या मेव्हण्याची.

फुकटातली खरंच कामाची गोष्ट एकच सापडली, गुगल मॅपवरची नोंद. ती कराच, आणि त्यावरचा फोन नंबर अधूनमधून तपासत जा, कारण रिसॉर्टच्या नावाने खोटे नंबर टाकून बुकिंगचे पैसे उकळणारे बसलेच आहेत.

ह्याच्या बरोबर उलट मेसेज पण फिरतो बरं का, की ह्या कंपन्या आपला डेटा विकतात. नाही हो विकत. दुधावर जगणारा म्हैस कशाला विकेल? त्या तुमचा डेटा घरातच ठेवतात आणि तुमच्या डोळ्यासमोरची जागा विकतात, परत परत, रोज.

आता दलाल. वाशीच्या घाऊक फळबाजारातल्या दलालाला शिव्या घालत आम्ही मोठे झालो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आपल्या हातात नुसती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, यायची, हमाली इतकी, तोलाई इतकी, फळ दागी होतं म्हणून कापले इतके, आणि बागायतदार बघत बसायचा. सगळं खरं. पण तो दलाल पावसाळ्यात, हातात दमडी नसताना, फवारणीला आणि राखणदाराला पैसे देतो. पुढे थ्रिप्स किडीने मोहर करपला, अवकाळी पडला, तर त्याचे पैसे पण अडकतात, निदान त्याला बागेची काळजी तरी असते. शिवाय तो मोठं फळ पण घेतो आणि बारीक पण घेतो. थेट गिऱ्हाइकाला नुसतं मोठं फळ हवं असतं. बारीक कुठे घालू? कॅनिंगला? आणि साका? बाहेरून पिवळाधमक, कापला की आत पांढरा, हे बाहेरून ओळखता येत नाही. बाजारात तो तोटा कुठेतरी वाटला जातो, थेट विकलात तर रात्री साडेदहाला फोटो येतो, पैसे परत द्या, आणि वर एक स्टार. पॅकिंग, कुरियरशी भांडण, फोन उचलणं, हे सगळं दलाल करत होता ते आता तुम्ही करायचं, आणि दलाली मात्र वाचली असं समजायचं.

ती वाचत पण नाही, ती फक्त दुसरीकडे जाते. नव्या दलालाचा, म्हणजे जाहिरातवाल्या कंपनीचा, हिशोब असा की तो आगाऊ देत नाही, आगाऊ घेतो. आंबा विकला जावो न जावो, क्लिक झालं की त्याचे पैसे वसूल.

होमस्टेचं बघा. खोली २५०० ला दिली, बुकिंग अ‍ॅपचं कमिशन २० टक्के धरलं तर ५०० गेले, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ९०, हातात १९१०. चादरी धुणं, गॅस, सोलकढी, वीज ह्यातूनच. बरं, ते ५०० तरी अ‍ॅपवाला सगळे खातो का? नाही! बुकिंग डॉट कॉमची मूळ कंपनी बुकिंग होल्डिंग्ज, तिने २०२३ मध्ये २१.४ अब्ज डॉलर महसुलातले ६.८ अब्ज मार्केटिंगवर घातले, आणि त्यातला मोठा वाटा गुगलसारख्या सर्चवाल्यांकडे गेला. म्हणजे आमच्या खोलीचा पैसा अ‍ॅपकडे आणि अ‍ॅपचा गुगलकडे. आणि गंमत म्हणजे अमुक होमस्टे असं तुमचंच नाव कोणी शोधलं तरी वरती जाहिरात अ‍ॅपची दिसू शकते, तुमच्या ओळखीच्या पाहुण्यावर तुम्हालाच कमिशन. मग म्हणाल, थेट येणाऱ्याला स्वस्त देऊ. त्यावर पण कराराच्या दोऱ्या होत्या. मेकमायट्रिप-गोआयबिबोला स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये २२३ कोटींचा दंड ठोठावला त्यात हाच मुद्दा होता, हॉटेलवाल्याने दुसरीकडे कमी भाव द्यायचा नाही अशी अट. हा दलाल संपला म्हणायचा?

आणि वाशीला निदान मार्केट यार्ड एकाचं, गाळा दुसऱ्याचा, घेणारा तिसरा. वेबसाइटांवर दिसणाऱ्या जाहिरातींच्या धंद्यात गुगलचं बघा, वेबसाइटवाल्यांच्या बाजूचं सॉफ्टवेअर त्याचं, जाहिरातदारांच्या बाजूचं त्याचं आणि मधला जाहिरातींचा बाजार पण त्याचाच, ज्यात प्रत्येक सौद्यामागे साधारण २० टक्के कापले जातात. अमेरिकेतल्या कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये म्हटलं की ह्यातल्या दोन ठिकाणी, वेबसाइटवाल्यांचं सॉफ्टवेअर आणि तो बाजार, गुगलने बेकायदा मक्तेदारी केली. आमचे लोक मात्र अजून वाशीवरच डाफरतायत.

पाचशे रुपयांत पाचपट, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो. जाहिरातीचा भाव कंपनी ठरवत नाही, आपणच ठरवतो, लिलावात. गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये अ‍ॅडवर्ड्स हे जाहिराती द्यायचं दुकान काढलं, २००२ पासून क्लिकचा लिलाव आणला, आणि आज मेटावर पण लिलावच आहे. एप्रिलमध्ये देवगड, रत्नागिरी, राजापूर, केळशी, सगळीकडचे आंबेवाले त्याच पुण्या-मुंबईच्या त्याच बायाबापड्यांसाठी बोली लावतात, मग क्लिक महागणार नाही तर काय होणार? धरून चला की एक क्लिक ८ रुपयांना पडला आणि पन्नास क्लिकला एक ऑर्डर आली. ऑर्डरमागे ४०० गेले. वर १८ टक्के जीएसटी, झाले ४७२. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, म्हणून त्या ७२ ची वजावट पण आपल्याला कुठे मिळत नाही. दोन डझनाची पेटी १६०० ला विकलीत तर जवळजवळ तीस टक्के जाहिरातीतच गेले, अजून कुरियर राहिलंच. एवढं कापलेलं पट्टीत दिसलं असतं तर आम्ही दलालाच्या गाळ्यावर मोर्चा नेला असता.

आता ह्या लिलावात कोण टिकतो ते बघा. ज्याच्याकडे सुटणारा पैसा जास्त तो. आणि तो कोणाकडे जास्त? जो कर्नाटकचा आंबा स्वस्तात उचलून देवगडच्या बॉक्समध्ये भरतो त्याच्याकडे! त्यात परत लिलाव नुसत्या बोलीवर ठरत नाही, कोणाच्या जाहिरातीवर लोक जास्त बोट ठेवतील हा अंदाज पण धरतात, आणि अस्सल देवगड हापूस मातीमोल भावात अशी जाहिरात असली की बोट ठेवणारे ढिगाने. म्हणजे भेसळवाला बोलीत पण पुढे आणि क्लिकमध्ये पण पुढे, खरा बागायतदार दोन्हीकडून मेला. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, देवगडच्या संस्थेने २०२५ पासून फळावर वेगळ्या कोडचं स्टिकर लावायला घेतलं, चांगलंच आहे, पण लिलाव चालवणाऱ्या मशीनला ते स्टिकर दिसत नाही.

मग म्हणतात हिशोब तर स्क्रीनवर दिसतो. दिसतो खरा, पण लिहितो कोण? जो पैसे घेतो तोच. मेटाचं नेहमीचं सेटिंग असं की जाहिरातीवर क्लिक करून सात दिवसांत, किंवा नुसती बघून एका दिवसात, कोणी खरेदी केली तर ती विक्री जाहिरातीच्या खात्यात. वेबसाइटवरून विकता तेव्हा हा प्रकार नीट कळतो. माझ्या आत्येच्या ओळखीतल्या डोंबिवलीच्या काकू वर्षानुवर्षं आमच्याकडूनच घेतात, त्यांना आदल्या दिवशी फोनवर आमची जाहिरात दिसली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑर्डर टाकली तर श्रेय जाहिरातीला. काकू घेणारच होत्या हो! मशीन मुद्दाम अशांनाच शोधतं जे तसेही घेणार आहेत, कारण मग आकडे छान येतात. हे मी मनचं सांगत नाही. ईबे ह्या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीने स्वतःच्या गुगलवरच्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून बघितल्या, ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस ह्या अर्थतज्ज्ञांनी तो अभ्यास २०१५ मध्ये छापला. ईबेचं नाव टाकून शोधणारे जवळजवळ सगळेच जाहिरात नसताना पण खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. बाकीच्या शब्दांवर नव्या गिऱ्हाइकांपुरता फायदा दिसला, पण जास्त पैसा नेहमीच्या गिऱ्हाइकांवर उडत होता आणि एकूण बेरीज तोट्यात. एवढी मोठी कंपनी, तिला बंद केल्यावर कळलं. आपण तर बंद करायला पण घाबरतो.

म्हणून चालवायचीच असेल तर एक आठवडा नाशिकला चालू ठेवा आणि कोल्हापूरला बंद, आणि आपल्या वहीतल्या ऑर्डरी मोजा, त्यांच्या स्क्रीनवरच्या नाही.

भागीदारीचं काय बोलणार. रॉयटर्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटाची आतली कागदपत्रं बघून बातमी दिली, त्यात कंपनीचा स्वतःचाच अंदाज असा की २०२४ च्या महसुलातला साधारण १० टक्के फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल. मेटाने म्हटलं तो अंदाज ढोबळ आणि फुगीर होता. असेल. पण फसवणाऱ्याचे पैसे पण पैसेच ना, लिलावात तो शेजारी बसला की आपला क्लिक महाग होतो, म्हणजे भागीदार दोन्हीकडून कमावतो. माझ्या चुलतभावाचं जाहिरातीचं खातं ऐन सीझनला बंद झालं, कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे, कारण विचारायला माणूस नाही, नुसता फॉर्म, आणि फॉर्मला उत्तर आलं तोवर झाडावर आंबा राहिला नव्हता. वाशीच्या गाळ्यावर जाऊन निदान आवाज तरी चढवता येतो.

राहता राहिली धमकी, जो ऑनलाइन नाही तो संपला. संपले ते वेगळेच, जे सगळं एकाच अ‍ॅपवर टाकून बसले ते. आमच्या वाडीत ज्यांचा आंबा दरवर्षी आधी संपतो त्यांच्याकडे पेज पण नाही, त्यांच्याकडे लालबाग, ठाणे, डोंबिवलीचे गाववाले आहेत आणि त्यांच्या सोसायट्या आहेत, एक माणूस चाळीस पेट्यांची यादी करून पाठवतो. आता ती यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते, आणि व्हॉट्सअ‍ॅप पण मेटाचंच, जून २०२५ मध्ये स्टेटसच्या तिथे जाहिराती आणायचं त्यांनी जाहीर केलंय, उद्या काय करतील ते त्यांनाच ठाऊक. तेव्हा नंबर वहीत उतरवून ठेवा. मी पेटीत घरचा नंबर आणि आढी कशी लावायची ते छापलेली एक चिठ्ठी टाकतो, छपाईला रुपया पण पडत नाही, आणि मार्चमध्ये फोन येतात ते बहुतेक तिच्यावरूनच.