७.६ किलोओहम आला म्हणून सेन्सर टाकू नका

दादा, प्रतिक्रिया तिखट आहे, पण आकडे दिलेत हे बरं केलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एसीच्या खोलीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरने १० ऐवजी ७.६ किलोओहम रोध दाखवला, बर्फाच्या पाण्यात तर मीटरवर नुसता १ आला, म्हणून नवा आणलात. नवाही तेच दाखवतो आणि एसी पूर्वीसारखाच खोली गार व्हायच्या आत थांबतो. तेव्हा मल्टीमीटरने सेन्सर तपासणं हे रिकामटेकड्यांचं खूळ.

मला तर मीटरने चोख काम केलेलं दिसतंय. १० किलोओहम हा आकडा २५ अंशांचा. मे महिन्यात मालवणात भर दुपारी २५ अंश आणायचे कुठून? हा सेन्सर एनटीसी जातीचा, म्हणजे त्याचा रोध उष्णतेने उतरतो. बीटा (रोध तापमानाबरोबर किती झपाट्याने बदलतो तो आकडा) ३९५० असेल तर ३१ अंशांना ७.७ किलोओहमच्या आसपास. बर्फाच्या पाण्यात तोच ३२-३३ वर चढतो. तुमच्या मीटरचा नॉब २० के, म्हणजे २० किलोओहमवर असणार, त्यापलीकडचं मोजता येत नाही म्हणून मीटर १ दाखवतो. तार तुटली तरी दिसतो तो हाच १, आणि त्यापायी कितीतरी धडधाकट सेन्सर कचऱ्यात गेलेत. नॉब २०० के वर घ्या. टोकं दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून धरू नका, घामेजलेल्या हातांनी रीडिंग खाली येतं.

जुना आणि नवा सारखंच दाखवतात, म्हणजे जुना शाबूत होता! मग एसी लवकर का थांबतो? माझा पहिला संशय बोर्डावरच्या कनेक्टरवर, सेन्सरची तार खोचतात त्यावर. खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे पिना हिरव्या पडतात. त्या गंजाने ३ किलोओहमची भर घातली, तर ७.६ चे १०.६ होतात आणि बोर्डाला ३१ अंशांची खोली २४ ची वाटते. तुम्ही २४ लावलं असेल तर कॉम्प्रेसर थांबणारच. सेन्सर कितीही बदला, मधली गंजकी पीन तीच राहते.

एमसीबी पाडा, प्लग काढा, पाचेक मिनिटं जाऊ द्या. मग कनेक्टर सोडवून दोन्ही बाजू कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकू द्या, दोन-तीनदा घालून-काढून बसवा. तरीही फरक पडला नाही तर बोर्ड तपासावा लागेल, आणि ते काम मेकॅनिकचंच. बाहेरच्या युनिटला तर हातच लावू नका, तिथला कपॅसिटर वीज धरून बसतो.

जुना सेन्सर ठेवून द्या, फक्त त्यावर ‘खोली’ असं लिहून. कॉइलचा (आतल्या थंड नळ्यांवरचा) सेन्सर बहुधा तांब्याच्या टोपीचा असतो, पण दोन्ही एकाच डब्यात पडले की घोळ होतो.