कोड मिरवण्याची सक्ती नको

कोड झाकावे की खुशाल मिरवावे, हा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो आणि त्यात ‘परदेशात कोणी वळूनही बघत नाही’ हे वाक्य हमखास येते. अमेरिकेत राहणारा आणि दोन्ही हातांवर व ओठांभोवती कोड असलेला माणूस म्हणून मला ते अर्धेच पटते.

एक तर गोऱ्या त्वचेवर हे डाग फारसे उठून दिसतच नाहीत. सावळ्या माणसाची तशी सुटका नसते. शिवाय इथले न बघणे बरेचदा निव्वळ शिष्टाचार असतो. दुकानातली मुलगी हसून बोलते, पण सुटे पैसे माझ्या पसरलेल्या तळहाताऐवजी काउंटरवर ठेवते. आपल्याकडच्या मावश्या ‘हे कधीपासून रे?’ असे तोंडावर विचारतात. ते बोचते, मात्र हा आजार स्पर्शाने पसरत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटल्यामुळे तो होतो, हे सांगण्याची संधी तरी मिळते.

अर्थात लग्नाच्या बोलणीत या चौकशीचे जे रूप होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. बहुतेक रुग्णांच्या जवळच्या नात्यात कोणालाही कोड नसते, तरी थोरलीच्या अंगावर डाग उठले की धाकटीचेही स्थळ मागे फिरते. डॉ. माया तुळपुळे यांच्या पुण्यातील ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावे भरवले. काम मोलाचेच, पण ते वेगळे भरवावे लागतात यातच सगळे आले.

म्हणून ‘मिरवा’ हा उपदेशही मला खटकतो. विनी हार्लो डागांसह मॉडेल म्हणून जगभर गाजली आणि मायकल जॅक्सनने १९९३च्या मुलाखतीत कोडाची कबुली देईपर्यंत ते मेकअपखाली झाकले. दोघांनाही तो अधिकार होता. धैर्य दाखवायचे ते डाग असलेल्यानेच, टक लावून बघणाऱ्याला मात्र काहीच शिकायचे नाही, हा कुठला न्याय? २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मान्यता मिळालेले रुक्सोलिटिनिब मलम मी लावतो. ओठांभोवती थोडा रंग परतला, बोटांच्या टोकांवर नाही. ते लावतो म्हणून मी स्वतःचा तिरस्कार करतो, असे कोणी ठरवू नये.

कोड असलेल्यांत नैराश्य आणि चिंता अधिक आढळते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तरीही डाग किती पसरले हे दर तपासणीत मोजणाऱ्या इथल्या डॉक्टरांनी, मी लोकांत मिसळणे टाळतो का, हे मला अद्याप विचारलेले नाही.